ओजिब्वे विद्यापीठातील अभ्यासक्रम नोंदणी

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात हेवर्डजवळ लाकूदरे ओजिब्वे विद्यापीठ आहे. ते 1982 साली तिथल्या ओजिब्वे या आदिवासी जमातीनेच महाविद्यालय म्हणून काढले. येथे बिगर-आदिवासींनाही प्रवेश मिळतो. प्रवेश आणि सत्रासाठी विषय घेणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी अर्ज आणि शाळेची गुणपत्रके द्यायची, मग सल्लागारासोबत बसून विषय ठरवायचे. सरकारी शिष्यवृत्तीच्या हिशेबात सत्राला 12 श्रेयांक म्हणजे पूर्णवेळ शिक्षण.

या नोंदणीतला सर्वांत वजनदार कागद म्हणजे जमातीच्या सदस्यत्वाचा दाखला. 1978 च्या कायद्यानुसार आदिवासी महाविद्यालयांना केंद्राचे मुख्य अनुदान आदिवासी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळते. सदस्य किंवा सदस्याचे अपत्य असलेल्यांचीच त्यात गणना होते, आणि त्यांचे एकूण श्रेयांक 12 ने भागून ही संख्या काढतात. म्हणजे एकाचा दाखला जोडायचा राहिला, तर नुकसान साऱ्या संस्थेचे. बिगर-आदिवासींना शिकवण्याचा खर्च मात्र या अनुदानात धरला जात नाही. हा मोठाच अन्याय म्हटला पाहिजे.

विषयांच्या यादीत ओजिब्वे भाषा असते, आणि संस्थेचा खरा प्राण तिच्यात आहे. या भाषेत नामांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत. ‘असिन’ म्हणजे दगड, आणि तो सजीव वर्गात मोडतो. आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांनी आजी-आजोबांच्या तोंडून काढून घेतलेली ही भाषा नातवंडे आज श्रेयांक भरून शिकतात.