लोकलायझेशन कंपनीत नोकऱ्या वाढल्या, म्हणजे नेमकं काय वाढलं?

फोनची भाषा मराठी केली की मेनू, बटणं, नोटिफिकेशन सगळं मराठीत दिसतं. हे काम ॲपवाल्या कंपन्या बऱ्याचदा बाहेर देतात, म्हणजे लोकलायझेशन कंपन्यांना. लायनब्रिज, आरडब्ल्यूएस, ट्रान्सपरफेक्ट ही त्यातली मोठी नावं. ट्रान्सपरफेक्ट १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हॉस्टेलच्या खोलीत सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिची वार्षिक उलाढाल १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

मग अनुवादकांची भरती जोरात असेल? इथेच गल्लत होते. पगारावर घेतले जातात ते मुख्यतः प्रोजेक्ट मॅनेजर, टेस्टर, इंजिनिअर आणि सेल्सवाले. अनुवादक बहुतेक फ्रीलान्सर असतात. त्यांना शब्दामागे पैसे मिळतात, तेही सगळ्या शब्दांचे सारखे नाहीत. आधी अनुवाद झालेली वाक्यं 'ट्रान्सलेशन मेमरी'त साठवलेली असतात. नवं वाक्य त्यातल्या एखाद्याशी जुळलं, की दर खाली येतो. म्हणून जाहिरातीत 'शब्दामागे इतके' वाचून लगेच गुणाकार करू नका.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ ला आली. आता बऱ्याच कामात पहिला मसुदा मशीनच करतं आणि माणूस तो दुरुस्त करतो. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. दर कमी, वेग जास्त अपेक्षित. पण माणूस लागतोच. उदाहरणार्थ, ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं की ॲप नावाच्या रिकाम्या जागेत नाव भरतं. पुढे 'बाहेर पडला' लिहायचं की 'पडली'? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. मराठी जाणणारा 'यांनी ग्रुप सोडला' असं लिहून मोकळा होतो, कारण ते दोघांनाही चालतं. 'ऑर्डर'चं 'आदेश' करून ठेवणारी मशीनं आणि माणसं, दोन्ही आहेत म्हणा!

एआयसाठी वाक्यं तपासणं, आवाज रेकॉर्ड करणं, लेबल लावणं हेही काम याच कंपन्यांतून वाढलं. लायनब्रिजने आपला हा विभाग २०२० मध्ये टेलस इंटरनॅशनलला विकला. यात शिरकाव सोपा असतो, पण काम प्रोजेक्टपुरतं. प्रोजेक्ट संपला की पुढचा मेल येईपर्यंत वाट बघायची.

अर्ज करताना छोटी चाचणी बिनपैशाची असू शकते. पण पन्नास पानं 'चाचणी' म्हणून मागितली, तर ते फुकटात काम करून घेणं आहे. आणि रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागितलं, तर तिथेच थांबा. खरी कंपनी काम देण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेत नाही.