बारा शब्दांचं कूळ

टेंभी नाक्यावरच्या माझ्या एका मित्राचा ‘बिटकॉइनचा लॅपटॉप’ जुनाच आहे. मागचं झाकण खोलून वायफायचं कार्ड काढून टाकलेलं. व्यवहार दुसऱ्या, इंटरनेटवाल्या मशीनवर जुळवायचा, पेनड्राइव्हने इथे आणून सही करायची, परत तिकडून पाठवायचा. सहीची किल्ली बाहेर पडतच नाही. एक्सचेंजवरची नाणी कशी जातात ते 2024 च्या जुलैत वझीरएक्सवरच्या चोरीत दिसलंच. पण लॅपटॉपच बंद पडला तर? त्यासाठी वहीच्या कागदावर बारा इंग्रजी शब्द, त्यांवरून किल्ली पुन्हा उभी करता येते. (कागद कुठे आहे ते लिहीत नाही, टेंभी नाका लहान आहे.)

या शब्दांचं कूळ मी थेट भास्कराचार्यांपाशी नेऊन भिडवतो. आचार्यांनी आपलं जन्मवर्ष आकड्यांत नव्हे, भूतसंख्येत, म्हणजे शब्दांत सांगितलं. रस म्हणजे सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक. उलटं वाचा, शके 1036. नक्कल करताना आकडा चुकला तर कुणाला कळतही नाही. शब्द चुकला की वृत्त अडखळतं.

बारा शब्दांतही असं वृत्त आहे! 2013 च्या ‘बिप-39’ या नियमात 2048 शब्दांची यादी आहे. एक शब्द म्हणजे 11 बिट, बारांचे 132. त्यातले 128 खरे, उरलेले चार ताळ्याचे. शब्द चुकला तर सोळातल्या पंधरा वेळा चूक पकडली जाते.

जाणकार म्हणतात, हे सगळं अमेरिकेतल्या बेलकोअरच्या ‘एस/की’मधून आलं. 1990 च्या दशकातली ही पासवर्डपद्धत: तिथेही 2048 शब्द, सहा शब्दांत 64 बिट आणि वर दोन ताळ्याचे. पुरावा तगडा आहे, मान्य. पण मधला ‘इलेक्ट्रम’ कुठे टाकायचा? 2011 च्या या वॉलेटची यादी 1626 शब्दांची, कारण तेवढ्यांतून उचललेल्या तीन शब्दांत 32 बिट जेमतेम मावतात. आणि ते शब्द घेतले कुठून, तर विक्शनरीवरच्या समकालीन कवितेच्या शब्दयादीतून! पाठ होईल असं हवं म्हटल्यावर पाय कवितेकडेच वळणार. ताळा मात्र त्यात नव्हता; मुक्तछंदच म्हणा.

अडचण एकच. भूतसंख्येत एकासाठी मही, चंद्र, शशी, काहीही चालतं. बिप-39 मध्ये समानार्थी शब्दाला थारा नाही. पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखला गेलाच पाहिजे. यादी करणाऱ्यांना गण-मात्रा जुळवायच्या नव्हत्या, म्हणून पर्याय लागले नसावेत, असं मी स्वतःला पटवून ठेवलं आहे.