मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट : संहिता आणि समारोप

येशूचे चरित्र शास्त्रग्रंथात एकदा नव्हे, चार वेळा सांगितलेले आहे. या चार निवेदनांपैकी मार्कचे निवेदन बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सर्वांत आधीचे, सुमारे इ. स. ७० चे. त्याचा शेवट कोठे होतो, हा प्रश्न वरवर पाहता संहिताचिकित्सेचा आहे. वस्तुतः तो वाचनाच्या इतिहासाचा आहे.

चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत हे निवेदन सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबते. कबर रिकामी असते. येशू उठला आहे, तो गालीलात भेटेल, हे शिष्यांना कळवा, असे शुभ्र वस्त्रातील तरुण सांगतो. परंतु तिन्ही स्त्रिया भयाने पळून जातात आणि कोणाला काहीच सांगत नाहीत. ग्रीक वाक्याचा अखेरचा शब्द 'गार' हे कारणवाचक अव्यय आहे. मराठी वाक्य क्रियापदावर विसावते. त्यामुळे मुळातला अधांतरीपणा भाषांतरात सहजी उतरत नाही.

हे मौन वाचकांना सोसवले नाही. मत्तयाच्या निवेदनात त्याच स्त्रिया भयाबरोबर आनंदानेही धावतात. लूकच्या निवेदनात त्या सारे सांगून टाकतात. पुढे मार्कच्याच संहितेला बारा वचनांची जोड मिळाली. सुमारे १८० मध्ये इरेनिअस त्यांतील एक वचन मार्कचे म्हणून देतो. अर्थात ही जोड त्यापूर्वीची. तरी सांधा लपत नाही. कबरीपाशी नुकतीच दिसलेली मग्दालीया मरीया येथे जणू प्रथमच ओळख करून दिल्यासारखी अवतरते, आणि गालीलातील भेटीचे वचन विसरलेच जाते. अनेक प्रतींत हा भाग नसल्याचे युसेबिअस व जेरोम यांना ठाऊक होते. तरीही उत्तरकालीन प्रतींत तो रूढ झाला.

मूळचे शेवटचे पान हरवले असावे, असे काही अभ्यासक मानतात. उलट फ्रँक कर्मोड यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात या तुटलेपणाकडे निवेदनाच्या अर्थाचा भाग म्हणून पाहिले. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी एक गोष्ट उरते : समारोपाची वाचकाची गरज येथे संहितेतच शिरली आणि कालांतराने शास्त्र ठरली. लेखनिक हा मार्कचा पहिला समीक्षक होता. पण त्याने भाष्य समासात न लिहिता मजकुरात लिहिले.

मात्र त्याच्या जोडीने एक प्रश्न झाकला गेला. स्त्रिया गप्प राहिल्या, तर ही वार्ता निवेदकापर्यंत पोहोचली कशी? आठव्या वचनापाशी थांबलेल्या वाचकाला हा प्रश्न टाळता येत नाही. निरोप आता त्याच्या हाती असतो.