रेट सिंड्रोम

मेंदूच्या विकासात अडथळा आणणारा दुर्मीळ जनुकीय विकार. सुमारे १० ते १५ हजार मुलींमागे एकीला होतो; मुलग्यांत क्वचितच.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना १९५४ मध्ये दवाखान्यात आयांच्या मांडीवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुली दिसल्या. दोघी साबण लावल्यासारखे हात एकसारखे चोळत होत्या! रेट यांनी १९६६ मध्ये हे जर्मनमध्ये मांडले, पण १९८३ मध्ये इंग्रजी लेख येईपर्यंत जगाने फारशी दखल घेतली नाही. एक्स गुणसूत्रावरील ‘एमईसीपी२’ जनुकातील दोष १९९९ मध्ये सापडला. तो बहुधा आईवडिलांकडून येत नाही, नव्याने उद्भवतो.

बाळ पहिले सहा ते अठरा महिने जवळपास नीट वाढते. मग बोलू लागलेले शब्द जातात, खेळणे पकडणारा हात ते विसरतो. पुढे फिट्स, श्वास रोखणे, पाठीच्या कण्याला बाक. नजर मात्र बोलकी राहते, म्हणून डोळ्यांनी चालणारी संवादयंत्रे फार मोलाची.

समूळ उपचार नाही. फिजिओथेरपी, पोषण, फिट्सची औषधे आणि (हे हमखास राहून जाते) नियमित ईसीजी आवश्यक. ट्रोफिनेटाइड या पहिल्या खास औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास.