शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा विषय लगेच सुचला. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचरकडची आपली मुले आता लांबच्या कॉलेजांचे फॉर्म भरतात. मग घरी येऊन विचारतात, "काका, गुरुजींचं शिफारसपत्र मागितलंय, कोणाचं घेऊ?" आईबाप सांगतात, "एखाद्या पुढाऱ्याचं घे, वजन पडेल." माझ्या वेळी मीही असेच एका पुढाऱ्याचे लेटरहेड घेऊन गेलो होतो. मुलाखतीत साहेबांनी एवढेच विचारले, "हे तुम्हाला किती वर्षं ओळखतात?" मी खाली मान घातली. तेव्हाच कळले, की चिठ्ठी वेगळी आणि शिफारस वेगळी.

बाबासाहेबांच्या पाठीशी कोणाची शिफारस होती, ते बघा. पहिली कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची. गुरुजी विल्सन हायस्कूलचे आणि बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलचे, म्हणजे वर्गातले नातेसुद्धा नाही. पण चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी डोळ्यांनी पाहिला होता. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतर पैशाची अडचण आली, तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी प्रश्न विचारले, बाबासाहेबांनी नीट उत्तरे दिली आणि दरमहा २५ रुपये मिळू लागले. गुरुजींनी दार उघडले, पण आत बाबासाहेब स्वतःच्या अभ्यासावर गेले.

दुसरी शिफारस कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांची. १९१३ ते १९१६ त्यांनी बाबासाहेबांचे काम जवळून पाहिले होते. १९२० साली त्यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला मदत करायला सांगितले. फॉक्सवेल यांना वाटले, हा तर डॉक्टरेट झालेला माणूस, आमच्याकडे याला मिळवायचे उरले काय! तरीही बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. सेलिग्मन यांनी तर १९२५ साली त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावनाही दिली.

तिसरे नाव प्रा. कॅनन यांचे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाला त्यांची प्रस्तावना आहे. तीत आपल्याला बाबासाहेबांचे बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत, असे त्यांनी सरळ लिहिले आणि त्यांच्या विचारातल्या ताजेपणाची दादही दिली. न पटणाऱ्या गुरूने केलेली ही कदर खोटी कशी ठरेल?

आपल्या जुन्नरच्या लेण्यांतही हाच धडा आहे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे ते एवढेच : कोण आणि काय दिले. 'थोर', 'महान' असे एकही विशेषण नाही. तरी सुमारे दोन हजार वर्षे ती नावे टिकली.

तेव्हा मुलांनो, ज्या सरांनी-बाईंनी तुमची वही तपासली, चूक दाखवली, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबलेले तुम्हाला पाहिले, त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे मोठी पदवी नसली तरी चालेल. महिनाभर आधी जा, आपले मार्क आणि केलेले काम एका कागदावर लिहून न्या. "होशियार आहे, वर्तन चांगले आहे" हे कोणीही लिहील. "याने अमुक काम केले, मी पाहिले" हे ओळखणाराच लिहील. आणि आईबापांनो, पुढाऱ्याच्या दारी हेलपाटे घालण्यापेक्षा एकदा शाळेत जाऊन त्या गुरुजींना भेटा.

केळुसकर गुरुजी आजही आपल्या शाळांत आहेत. मुलगा बागेत वाचत बसलेला मात्र दिसायला हवा.

जयभीम! नमो बुद्धाय!