क्यू उद्यानातील कुंडीतला वृद्ध

इ. स. १७७२ मध्ये फ्रान्सिस मॅसन हा स्कॉटिश माळी कॅप्टन कुकच्या ‘रेझोल्यूशन’ जहाजातून दक्षिण आफ्रिकेच्या केपला उतरला. वनस्पती जमविण्यासाठी क्यूच्या राजोद्यानाने परदेशी धाडलेला हा पहिलाच माणूस. १७७५ साली त्याच्याबरोबर जे वैभव लंडनजवळच्या त्या उद्यानात आले, त्यात सायकसवर्गातील एक रोप होते. त्याच्या कुळाचे ग्रीक नाव एन्सेफलार्टॉस, म्हणजे ‘डोक्यातली भाकरी’! खोडाच्या गाभ्यातील पिठाची भाकरी तेथील लोक करीत, म्हणून हे नाव.

या वृक्षाची चाल मोठी संथ. वर्षाकाठी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर वाढ. क्यूमध्ये त्याला शंकू आल्याची नोंद एकदाच, १८१९ सालची. मॅसनला धाडण्याची कल्पना ज्याची, तो वृद्ध सर जोसेफ बँक्स संधिवाताने जर्जर असूनही तो पाहण्यास आला. पुढल्याच वर्षी तो वारला. मॅसन तर १८०५ मध्येच गेला होता.

१८४८ साली वृक्ष नव्या काचगृहात, ‘पाम हाउस’मध्ये, गेला. खोड कलले, त्याला टेकू आले. २००९ मध्ये पुन्हा कुंडी बदलावी लागली, तेव्हा लांबी चार मीटरांहून अधिक आणि वजन टनापलीकडे होते. अशा वेळी मुळे दुखावली, खोड पिचले, तर दुसरे रोप लावून अडीच शतके परत मिळत नाहीत. माळ्यांनी तो महोगनीच्या नव्या पेटीत सुखरूप बसविला.