धावपट्टीपासूनचे अंतर

मोटारशर्यतीला जाताना कोणते भिंग सोबत न्यावे हा प्रश्न वरकरणी वेगाचा वाटत असला, तरी त्याचा इतिहास मुख्यतः अंतराचा आहे. छायाचित्रकाराला धावपट्टीच्या किती जवळ उभे राहू दिले जाते, यावर त्याची निवड ठरत आली.

प्रारंभीची अडचण मात्र वेगाचीच होती. अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी लेण्यांची छायाचित्रे घेतली, त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून चित्र घेण्याची पद्धत रूढ होती आणि प्रकाश काचेवर काही सेकंद पडू द्यावा लागे. दगडी मूर्तीला ते मानवे, धावत्या बैलाला नव्हे. १८९९ मध्ये सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्रण केले, तेव्हा गती टिपण्याची सोय झालेली होती; शिवाय दोन्ही मल्ल एकाच जागी झुंजत असल्याने कॅमेऱ्याला त्यांच्यामागे धावण्याची गरज नव्हती. शर्यत ही सवलत देत नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी फ्रान्समधील एका शर्यतीत झाक आंरी लार्तिग या तरुणाने रस्त्याच्या कडेला उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात मोटारीचे चाक पुढे कललेले, तर प्रेक्षक मागे झुकलेले दिसतात. कॅमेऱ्यातील शटर, म्हणजे प्रकाशाला वाट देणारा पडदा, फटीच्या रूपाने काचेवरून सरकत असल्याने चित्राचा प्रत्येक भाग वेगळ्या क्षणी टिपला गेला, आणि लार्तिगने मोटारीबरोबर कॅमेराही वळवला होता. तांत्रिकदृष्ट्या हा दोष असला, तरी वेगाचे इतके नेमके चित्र नंतरच्या निर्दोष भिंगांना क्वचितच साधले. ते शक्य झाले, कारण छायाचित्रकार आणि मोटार यांच्यात कुंपण नव्हते.

ही जवळीक पुढे महाग ठरली. ११ जून १९५५ रोजी ल माँ येथील शर्यतीत एका मोटारीचे अवशेष गर्दीत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर शर्यतींच्या मार्गांवर प्रेक्षकांना मागे हटवणारी कुंपणे व मोकळे पट्टे वाढत गेले. लांब नाभीय अंतराची, म्हणजे दूरची वस्तू मोठी दाखवणारी, भिंगे तोवर नवी नव्हती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सुमारास झाइसचे १८० मिलिमीटरचे भिंग प्रसिद्ध झाले होते. आता मात्र ती चैनीची न राहता गरजेची झाली. ३५ मिलिमीटर फिल्मवर १० मीटरवरून ५० मिलिमीटरच्या भिंगाने मोटार जेवढी दिसते, तेवढीच ती ६० मीटरवरून दिसण्यासाठी ३०० मिलिमीटरचे भिंग लागते. आकार तोच राहिला, तरी पुढच्यामागच्या गाड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या भासतात. १९५९ मध्ये फोक्टलेंडरचे ३६ ते ८२ मिलिमीटरचे झूम भिंग बाजारात आले आणि एकाच भिंगात अनेक नाभीय अंतरे बाळगण्याचा मार्ग स्थिर छायाचित्रणाला खुला झाला.

विदर्भातील शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हाच प्रवास उशिरा करीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी घातलेली बंदी, राज्याची २०१७ ची कायदादुरुस्ती, डिसेंबर २०२१ मधील सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल यांतून गेलेल्या या शर्यतीला आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. छकड्यावरचा धुरकरी आणि प्रेक्षक यांच्यात कठडा नसेल तिथे ३५ मिलिमीटरचे भिंग बैलांच्या नाकपुड्यांपर्यंत पोहोचवते, पण उधळलेल्या जोडीसमोर छायाचित्रकाराला उभे करण्याचा धोकाही तेच पत्करते. कठडा असेल तर ७० ते २०० मिलिमीटरचे झूम सोयीचे, मात्र त्यात जोडीमागची धूळ दाटून येते आणि मागून धावणारी माणसे त्या धुळीत लपतात.